सायकल सोमवारची घ्या, रविवार ती निभावून नेईल

छत्रपती संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यातून एका ताईंचं पत्र आलंय. नोकरी चिकलठाणा एमआयडीसीत, हिशेबाच्या टेबलावर. घरापासून साधारण आठ किलोमीटर. स्कूटी आहे, पण डॉक्टरांनी "जरा हालचाल वाढवा" म्हटल्यापासून सायकलचं मनावर घेतलंय. कॉलनीतल्या चौघीजणी रविवारी पहाटे दौलताबादला, कधी वेरूळला सायकलवर जातात, त्यांच्यासोबत जायचंय. माहेर बिडकीनजवळ, तिथे शेतापर्यंत सायकल नेता आली तर सोन्याहून पिवळं. उंची पाच फूट दोन इंच, बजेट पंचवीस हजार. अडचण अशी, की घरात जितकी तोंडं तितके सल्ले. दीर म्हणतात, जाड टायरची, पुढे शॉकअप असलेली डिस्कब्रेकवाली एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकल, घ्या. गटातली मैत्रीण म्हणते, रेसिंगची घे, नाहीतर मागे राहशील. लेक म्हणते, बॅटरीवाली. दुकानदार म्हणाला, "एकवीस गिअर हायेत ताई, डोंगरावर बी चढती अन् रोडवर बी पळती." आणि यजमान विचारतात, जालना रोडवर सायकल? डोकं ठिकाणावर आहे का?

ताई,

सायकल घेताना बहुतेकांचं एकच चुकतं. वापरायची असते सोमवार ते शनिवार आणि निवडली जाते रविवारसाठी. दुकानात उभं राहिलं की डोळ्यांसमोर खुलताबादचा घाट येतो. सेव्हन हिलचा सिग्नल, ऑफिसची पर्स, जेवणाचा डबा आणि परतीच्या वाटेवर घ्यायची मेथीची जुडी येत नाही. तुमच्या हिशेबाने आठवड्याला जवळपास शंभर किलोमीटर ऑफिसचे होतात आणि रविवारचे तीस, फार तर साठ. तेव्हा ऑफिसला रोज नेता येईल अशी सायकल घ्या. ती चांगली असेल तर वेरूळलाही जाईल. उलटं होत नाही. रविवारसाठी घेतलेली सायकल सोमवारी पार्किंगमध्ये राहते आणि दोन महिन्यांनी तिच्यावर टॉवेल वाळतात.

म्हणून माझं उत्तर आधीच सांगून टाकते. सरळ हँडलची हायब्रिड, म्हणजे रेसिंग आणि डोंगरी यांच्या मधली सायकल, घ्या. पुढे शॉकअप नको. टायर ३५ ते ४० मिलिमीटर रुंद. मागे कॅरिअर आणि दोन्हीकडे मडगार्ड बसवायला फ्रेमला छिद्रं असलेली. ट्यूबचा व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा. आणि पंचवीस हजार पूर्ण सायकलवर घालवू नका. एकोणीस-वीसच्या आत थांबा, उरलेल्या पैशांना भरपूर काम आहे.

दिरांचा राग येऊ देऊ नका, पण शॉकअपचं गणित समजून घ्या. महागड्या डोंगरी सायकलींमध्ये पुढचं चाक धरणारा काटा हवेवर किंवा तेलावर चालतो, तो खरंच काम करतो. तुमच्या बजेटात मिळतो तो म्हणजे लोखंडी नळीत बसवलेली स्प्रिंग. सायकलचं वजन ती किलो-दीड किलोने वाढवते. चढावर पायडलवर जोर दिला की पुढचा भाग खाली-वर डुलतो, म्हणजे तुमच्या पायातली थोडी ताकद रस्त्याऐवजी स्प्रिंगमध्ये जिरते. दोन पावसाळे झाले की आत पाणी जातं, गंज धरतो, मग ती धड दबतही नाही आणि तिची सर्व्हिसिंग करणारा माणूस सापडत नाही. खड्ड्यांचं काय, म्हणाल. खड्ड्याचा धक्का आधी टायर खातं. ३८ मिलिमीटरच्या टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवली, तुमच्यासारख्या वजनाला पंचेचाळीस-पन्नास पीएसआयच्या (हे हवेच्या दाबाचं माप) आसपास, तर शहरातल्या रस्त्यांना पुरते. स्पीडब्रेकर आला की सीटवरून जरासं उठायचं आणि कोपर सैल सोडायचे. एवढं जमलं की बाकीचा शॉकअप तुमच्या गुडघ्यांतच आहे.

डिस्कब्रेकबद्दल मी इतकी कडक नाही. पावसात डिस्क चांगली धरते, रिमवरच्या ब्रेकला मात्र ओलं चाक आधी पुसावं लागतं, तेवढा क्षणभर उशीर होतो. पण स्वस्तातली केबलवाली डिस्क चरचर वाजते, पॅड घासत राहतात, आणि ती नीट लावता येणारे कमी. रिमवरचा साधा व्ही-ब्रेक कोपऱ्यावरचा मेस्त्रीही पाच मिनिटांत घट्ट करून देतो, ब्रेकशू कुठेही मिळतात. मनात बसलेली सायकल डिस्कची निघाली तर घ्या. फक्त डिस्कसाठी म्हणून दोन-तीन हजार जास्त मोजू नका.

मैत्रिणीच्या रेसिंगला मात्र माझं सरळ नाही. तिचे टायर असतात २५, फार तर २८ मिलिमीटरचे. त्यात हवा भरावी लागते ऐंशी-शंभर पीएसआय. आणि तुम्ही जाणार एमआयडीसीत. तिथल्या रस्त्यांच्या कडेला काय पडलेलं असतं ते तुम्ही रोज बघताय: लेथवरचा कीस, तारेचे तुकडे, नटबोल्ट, ट्रकमधून सांडलेली खडी. वर वाकलेलं हँडल, खांद्याला डबा आणि गर्दीत मान वर करून बघायचं. मागे राहाल असं मैत्रीण म्हणते ना? रविवारच्या गटात मागे राहणारी बहुतेकदा सराव नसलेली असते. रोज सोळा किलोमीटर मारणारी बाई दोन महिन्यांत रविवारच्या चौघींना घाटात गाठते.

आता बिडकीनच्या शेताचं. तुम्ही माहेरवाशीण, तुम्हाला काळ्या मातीबद्दल मी काय सांगणार? कोरड्या दिवसांत बैलगाडीच्या चाकोरीतून ३८-४० मिलिमीटरचं टायर निवांत जातं. पाऊस पडून गेल्यावर मात्र कोणतीच सायकल जात नाही, एमटीबी तर नाहीच. जाड टायरची नक्षी जितकी खोल तितका चिखल जास्त धरते. चार पावलांत टायर, काटा आणि ब्रेक यांच्यामध्ये चिखलाचा गोळा होतो आणि चाक फिरायचं थांबतं. मग सायकल खांद्यावर आणि चपला हातात. तेव्हा शेताच्या दोन किलोमीटरसाठी डोंगरी सायकल घेण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात ती डांबरीवर कुणाच्या तरी ओट्यावर टेकवायची आणि पुढे पायी जायचं, जसे सगळे जातात. मडगार्ड घेताना फक्त एवढं बघा, की टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर तरी जागा राहते.

एकवीस गिअरचा हिशेब तर तुमच्या टेबलावरचाच आहे. पुढे तीन चक्रं, मागे सात, तीन साते एकवीस. त्यातले कित्येक एकमेकांची नक्कल असतात: पुढचं मधलं आणि मागचं अमुक, किंवा पुढचं मोठं आणि मागचं तमुक, चाक सारखंच फिरतं. शिवाय पुढे सगळ्यात मोठं आणि मागेही सगळ्यात मोठं अशी जोडी लावली की चेन तिरकी ओढली जाते आणि करकरते. ती जोडी वापरायचीच नसते. जालना रोडच्या भागात तुम्ही पुढच्या मधल्या चक्रावर वर्षभर राहिलात तरी काही अडणार नाही. म्हणून दुकानदाराला "किती गिअर" असं विचारू नका. विचारा, "पुढचं सर्वांत लहान आणि मागचं सर्वांत मोठं किती दात्यांचं?" पुढे २८ आणि मागे ३४ दाते असतील, तर पायडलचा एक पूर्ण फेरा मारल्यावर सायकल जेमतेम एक मीटर ऐंशी सेंटिमीटर पुढे जाते. मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी साडेसहा किलोमीटर, म्हणजे चालण्याहून थोडं जास्त. घाटात नेमकं हेच हवं असतं. मागचं मोठं चक्र २८ चंच असेल तर तोच फेरा दोन मीटर वीस सेंटिमीटरचा होतो, म्हणजे प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त. ऐकायला किरकोळ वाटतं; दौलताबादच्या पुढच्या वळणावर मांड्या भरून आल्या की हा फरक कळतो.

दुकानात आणखी एक ऐकाल: "हिला एकोणतीस इंची चाक आहे, ती जास्त पळते." एमटीबीचं २९ इंची चाक आणि हायब्रिडचं ७०० सी मापाचं चाक, दोघांच्या रिमचा व्यास एकच असतो, ६२२ मिलिमीटर. फरक टायरच्या जाडीचा.

तुमच्या उंचीला चाकापेक्षा फ्रेमचं माप महत्त्वाचं. पंधरा-सोळा इंची किंवा ज्यावर "स्मॉल" लिहिलंय ती घ्या. दुकानात मध्यम मापाची एकच शिल्लक असेल आणि "सीट खाली घेतली की झालं" असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. सीट खाली घेता येते, हँडल जवळ आणता येत नाही. मग महिन्याभरात मान आणि खांदे बोलायला लागतात. दोन पायांमध्ये दांडी घेऊन उभं राहून बघा, अंग आणि दांडी यांच्यात दोन-तीन बोटं अंतर हवं. लहान फ्रेमला ७०० सीचं चाक असेल तर हँडल वळवताना पायाचा चवडा पुढच्या चाकाला लागतो का तेही बघा. हळू वेगात, गर्दीत वळताना तो लागला की पडायला होतं. लागत असेल तर त्याच मापाची २७.५ इंची चाकाची सायकल बघा, काही बिघडत नाही. खाली झुकलेल्या दांडीची, जिला आपल्याकडे लेडीज म्हणतात, ती मिळाली तर उत्तमच. सलवार-कुर्त्यावर, मागे डबा बांधलेला असताना पाय मागून टाकण्यापेक्षा पुढून टाकणं सोपं. "घाटात जोर येत नाही" वगैरे ऐकाल, तुमच्या-माझ्या वेगाला तो फरक कळत नाही.

सीटची उंची आपल्याकडे दहातल्या नऊ जणांची चुकलेली असते. दोन्ही पाय जमिनीवर सपाट टेकावेत म्हणून सीट खाली ठेवतात आणि मग सहा महिन्यांनी गुडघे दुखतात म्हणून सायकलला दोष देतात. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्याने चालवायला लागलात की गुडघ्यात हवा तेवढा बाक राहतो. सिग्नलला सीटवरून पुढे उतरून उभं राहायचं, सवयीने जमतं. आणि जाड स्पंजाच्या सीटला भुलू नका. बैठकीची दोन हाडं असतात, वजन त्यांच्यावर पडलं पाहिजे. स्पंज फार मऊ असला की हाडं आत रुततात आणि वजन भलत्याच नाजूक जागी येतं. दुकानात पाच मिनिटं सुख वाटतं, खुलताबादला पोचेपर्यंत बसवत नाही. बायकांसाठी मागून थोडी रुंद, जरा कडक सीट मिळते, ती मागा.

पंक्चरवर जरा सविस्तर लिहिते, कारण सायकल सुटते ती बहुतेक वेळा याच कारणाने. आपल्या भागात रस्त्याच्या कडेला वेडी बाभूळ आणि जमिनीलगत सराटे. एमआयडीसीतला कीस वेगळाच. काटा टायरमध्ये घुसतो, वरचा भाग मोडतो आणि टोक रबरात तसंच राहतं. मेस्त्री ट्यूब काढतो, पाण्यात बुडवतो, बुडबुडा सापडतो, ठिगळ लावतो, पैसे घेतो. तुम्ही किलोमीटरभर जाता आणि पुन्हा हवा खाली. दोष ठिगळाचा नसतो. टायरच्या आतून हात फिरवून ते टोक कुणी शोधलंच नाही. बोटाने शोधाल तर बोटात घुसेल, आणि बारीक असलं तर कळणारही नाही. कापसाचा बोळा किंवा जुन्या सुती ओढणीचा तुकडा टायरच्या आतल्या बाजूने गोल फिरवा. काटा असेल तिथे धागा अडकतो. मग नेलकटरने किंवा चिमट्याने ओढून काढा. मेस्त्री काम करत असताना शेजारी उभं राहून हे करून घ्या, तो काही रागावत नाही. शिवाय सायकल घेतानाच टायर आणि ट्यूबच्या मध्ये बसणारी पट्टी टाकून घ्या. वजन थोडं वाढतं, पण सराट्याचा काटा तिथे अडतो.

व्हॉल्व्हचा मुद्दा याच्याच पोटातला. सायकलला तीन प्रकारचे व्हॉल्व्ह येतात. एक आपल्या जुन्या काळ्या सायकलचा, व्हॉल-ट्यूबवाला. दुसरा मोटारसायकलसारखा जाड. तिसरा बारीक, टोकाला इवलासा नट असलेला, त्याला प्रेस्टा म्हणतात. हायब्रिड दुसऱ्याने येते किंवा तिसऱ्याने. तिसरा असेल तर शरणापूर फाट्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नळी बसणार नाही. बोटाएवढं पितळी अडॅप्टर सोबत ठेवावं लागतं आणि ते नेमकं घरी राहतं. म्हणून मोटारसायकलवाला व्हॉल्व्ह मागा. फक्त हवा भरताना कॉम्प्रेसरवाल्याला ट्रकसारखी भरू देऊ नका. सायकलच्या ट्यूबला हवा लागते किती, क्षणात भरते, आणि "अजून थोडी" म्हणता म्हणता ट्यूब जाते. घरी मीटर असलेला उभा पंप ठेवा, पंधरा दिवसांतून एकदा भरा. टायरच्या बाजूवर कमाल हवा लिहिलेली असते, तिच्यापुढे कधीच जाऊ नका. मे महिन्यात ऑफिसच्या पत्र्याच्या शेडऐवजी सायकल उघड्या उन्हात उभी राहत असेल तर कमालच्या बरंच खाली राहा. तापलेल्या टायरमध्ये जुनी ठिगळं सुटतात.

यजमानांचा मुद्दा हसण्यावारी नेऊ नका, तो बरोबर आहे. जालना रोड सायकलसाठी नाही. पण तुम्हाला तो लागतोच कुठे? उस्मानपुऱ्यातून गारखेडा, सूतगिरणी, पुंडलिकनगर, जयभवानीनगर असं आतून मुकुंदवाडीपर्यंत जा. जालना रोड नुसता ओलांडायचा आणि एमआयडीसीत शिरायचं. किलोमीटर-दीड किलोमीटर जास्त पडेल. सुट्टीच्या दिवशी सकाळी एकदा दोघं मिळून हा रस्ता चालवून बघा, म्हणजे त्यांचाही जीव भांड्यात पडेल. कधी जालना रोडनेच जावं लागलं तर उड्डाणपुलावर चढू नका, खालून जा. उभ्या गाड्यांपासून हातभर लांब राहा, कारण दार कधी उघडेल सांगता येत नाही. आणि पुढे रिक्षा असेल तर ती कोणत्याही क्षणी डावीकडे थांबणार असं धरूनच चाला.

तुमच्या रस्त्याची आणखी एक खोड आहे. तुम्ही सकाळी पूर्वेला जाता आणि संध्याकाळी पश्चिमेला येता, म्हणजे हिवाळ्यात दोन्ही वेळा ऊन डोळ्यांवर. तुमच्या मागून येणाऱ्या गाडीवाल्याच्याही डोळ्यांवर तेच ऊन असतं हे लक्षात ठेवा. त्याला तुम्ही फक्त एक काळी सावली दिसता, कधी तेवढ्याही नाही. म्हणून मागचा लाल लुकलुकणारा दिवा संध्याकाळी उजेड असतानाही सुरू ठेवा. जून-जुलैत वारा पश्चिमेचा असतो. ऑफिसला जाताना तो पाठीवर, आणि दमून परतताना तोंडावर. पहिल्या आठवड्यात "जाताना तर काहीच वाटलं नाही, येताना जीव गेला" असं होईल. घाबरू नका, गिअर हलका करा आणि वेग विसरा.

ओढणीचं तुम्ही पत्रात विचारलं नाही, पण मी सांगते. गिअरच्या सायकलला पूर्ण चेनकव्हर नसतं. पुढच्या चक्राला बाहेरून प्लास्टिकची तबकडी असते, ती असलेलीच सायकल घ्या. तरी सलवारीच्या घोळाला उजव्या पायात पट्टी लागेलच. ओढणी कमरेला गाठ मारून घ्या, नाहीतर सरळ बॅगेत ठेवा आणि ऑफिसात गेल्यावर काढा. पर्स खांद्याला नको, घसरून पुढे येते आणि वळताना हँडलला लागते. कॅरिअरला एका बाजूला अडकवायची पिशवी मिळते, डबा-पर्स-रेनकोट सगळं त्यात.

लेकीच्या बॅटरीवालीवर एवढंच: अडीचशे वॉटच्या आतली, ताशी पंचवीस किलोमीटरच्या आतली असेल तर नोंदणी-लायसन्स लागत नाही आणि गुडघ्याचा त्रास असलेल्यांना ती फार चांगली. पण पंचवीस हजारांत जी मिळते तिची बॅटरी उतरली की हातात वीस-बावीस किलोचं लोखंड राहतं, आणि डॉक्टरांनी तुम्हाला हालचाल सांगितलीय.

उरलेले पाच-सहा हजार कुठे घालायचे? हेल्मेट आधी. मग पुढचा-मागचा दिवा, मडगार्ड, कॅरिअर, उभा पंप, टायरची पट्टी. कुलूप चांगलं, कडीसारखं यू आकाराचं घ्या. केबलचं कुलूप पकडीने तुटतं. फ्रेम आणि मागचं चाक दोन्ही त्यात अडकवायचं. सीटला हाताने उघडायची खटकी असेल तर ती बदलून साधा बोल्ट लावा, नाहीतर एक दिवस पार्किंगमध्ये सायकल असेल आणि सीट नसेल. बजेट ताणायचं नसेल तर जुनी सायकलही बघा. २०२० च्या टाळेबंदीत घराघरांतून चांगल्या सायकली घेतल्या गेल्या आणि त्यातल्या कित्येक आजही गॅलरीत उभ्या आहेत. तिची फ्रेम जोडाच्या ठिकाणी तडकलेली नाही ना, चाक फिरवल्यावर आउट जात नाही ना, एवढं तपासा. टायर-ट्यूब, केबल, चेन नवीन टाकायचे धरूनच भाव करा.

आता रविवार. पहिला महिनाभर किल्ल्याच्या पायथ्यापर्यंतच जा. छावणी, पडेगाव, मिटमिटा, दौलताबाद, जाऊन-येऊन तीसच्या आसपास. घाट नंतर. घाटातल्या दगडी दरवाजातून मोठं वाहन एका वेळी एकच जातं, तिथे दोन्हीकडून गाड्या तुंबतात; सायकल हातात घेऊन चालत पार करा, त्यात कमीपणा नाही. उतरताना ब्रेक सतत दाबून धरू नका. दाबा, सोडा, पुन्हा दाबा, दोन्ही मिळून. श्रावणातल्या शनिवारी खुलताबादच्या भद्रा मारुतीला पायी जाणाऱ्यांची रात्रीपासून रीघ असते, त्या पहाटे हा रस्ता सोडा. उसाच्या हंगामात अंधारात निघू नका. दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरला मागे दिवा असेलच असं नाही. वेरूळला जाताना पावसाळ्यात वारा समोरून आणि येताना पाठीवर, हे तुमच्या सोयीचं. जालन्याच्या दिशेने गेलात की नेमकं उलटं, त्यामुळे तिकडे जाताना किती दम शिल्लक ठेवायचा ते ठरवूनच जा. डोंगरावरचं म्हैसमाळ आपल्या शहरापेक्षा बरंच उंच आहे. ते पुढच्या हिवाळ्यासाठी ठेवा.

शेवटी तुम्ही विचारलंय, दसऱ्याच्या मुहूर्तावर घेऊ का. पूजा जरूर दसऱ्याला करा, पण सायकल आठवडाभर आधी जोडून घ्या. सायकल दुकानात खोक्यातून अर्धवट जोडलेली येते. हँडल, पायडल, ब्रेक, गिअर तिथे बसवतात. दसऱ्याच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसते, मेस्त्री एका वेळी चार सायकली जोडत असतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, घाईत ते जबरदस्तीने आवळले की क्रँकचे, म्हणजे पायडल ज्या दांड्यात बसतं त्याचे, आटे खराब होतात आणि पंधरा दिवसांत पायडल डुगडुगायला लागतं. एखाद्या मंगळवारी-बुधवारी दुपारी जा, समोर बसून जोडून घ्या, दोन्ही पायडल हाताने सहज शेवटपर्यंत फिरतात का ते बघा आणि मगच पाना लावू द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी बारावरून पाच टक्क्यांवर आलाय. जुना माल असेल तर बिलात पाचच लागलाय ना तेही बघून घ्या. आणि महिन्याने एकदा परत न्या. नव्या केबल ताणल्या जातात, स्पोक सैल पडतात. पहिली सर्व्हिस बहुतेक दुकानदार फुकट देतात, पण मागितल्याशिवाय नाही.